दोन घरांचा गॅस

—हो हो, कळलं भाऊ, एका घरात दोन कनेक्शनं चालत नाहीत, म्हणूनच तर धुळ्याहून बसने अमळनेरला आले ना—हे पुस्तक, हा रेग्युलेटर, टाकी माझ्या इथल्या खोल्यांवरून आणली, बाहेर रिक्षात आहे—नाव? भागाबाई. नवऱ्याचं? जुन्याचं की नव्याचं? हसू नका. साठाव्या वर्षी लग्न केलं मी, चार महिने झाले. मोतीलालभाऊ. एकाच शाळेत नोकरीला होतो आम्ही, वीस वर्षं भाऊच म्हणत आले, आता नवऱ्याला भाऊ कसं म्हणायचं?—काहीच म्हणत नाही. 'अहो'सुद्धा घशात अडकतं.

लग्न जुळवलं कोणी? माझ्याच लेकीनं, सपनानं. पुण्याला आकाशगंगांचा अभ्यास करते ती. दोन आकाशगंगा एकमेकींत शिरतात म्हणे—मी म्हटलं, बाई गं, मग तारे फुटत असतील फटाफट? तर नाही! मधे इतकी जागा असते, की तारे न धडकता आरपार निघून जातात. म्हटलं, हे तर आमचंच चाललंय—ते अंगणात तर मी घरात, मी अंगणात गेले की ते घरात. धडकतो तो गॅस, आई, म्हणाली. गॅसवर गॅस दाबला जातो आणि त्यातून नवे तारे जन्मतात, ढीगभर.

आणि आमचं कशावरून वाजलं? गॅसवरूनच! मी नवी शेगडी आणली, तर म्हणाले, 'आठे रत्नानी शेगडी शे'—इथे रत्नाची शेगडी आहे म्हणे. रत्ना म्हणजे त्यांची पहिली, वारलेली. पहिल्यांदा आवाज चढला—माझाही चढला, खोटं कशाला बोलू. आणि मग तास-दीड तास माझ्याजवळ बसून बोलले हो, रडले, स्वतः उठून माझी शेगडी जोडून दिली. चहासुद्धा केला. पाणचट होता, पण मी दोनदा घेतला.

आनंदाने सपनाला फोन केला, तर ती हसून म्हणते, असे भराभर तारे झाले की गॅसही भराभर संपतो, आई, मग नवं काही होत नाही. तिला काय, अभ्यास आहे तिचा! इकडे हे म्हणाले, आता अमळनेरचा गॅस जमा करून टाका.

सही इथे?—पेन चालत नाही तुमचं. चालतंय? मग माझाच हात चालत नाही. भीती वाटते, भाऊ. माणूस चांगला आहे, तरी वाटते. इथे माझ्या दोन खोल्या आहेत अजून, गॅस आहे तोवर घर म्हणायचं त्यांना, नाहीतर नुसतं कुलूप—

द्या ते पुस्तक इकडे. ह्यांना सांगेन, साहेब जागेवर नव्हते. हो, तुम्हीच! आज आलाच नाहीत तुम्ही. उठा आता, जेवून या जा.