तासाभराचं विमान

बोरी गावात, लेकीच्या लग्नाच्या मांडवात माझं बोलणं कुणी खरं मानलं असेल तर शप्पथ. फौजेतल्या संतोषनं फोनवर सांगितलं होतं, "आई, लेहवरून जम्मूला विमान तासात उतरतं, पुढं रेल्वे. ताईच्या कानपिळीला मीच."

दीर एसटीत कंडक्टर. म्हणाले, "वहिनी, तिथनं दोन दिवसांचा रस्ता हाय. विमान वाटंत पॅसेंजर घेणार न्हाई व्हय? लई उशीर व्हईल."

झालं, भावाच्या जागी पुतण्याला उभं केलं. त्यानं नवरदेवाचा कान पिळला न पिळला, तोच संतोष बॅगेसकट मांडवात! त्यानंही हक्कानं तोच कान पिळला.

लाल कान चोळत जावई म्हणाले, "अजून किती मेहुणे?"

म्हटलं, "संपले, पावणं. आता विमानाला थांबे देणाऱ्याचा कान तुमी पिळा. हे बघा, आमचे दगडूभावजी!"