मुक्यानं आणलेली नेपती

चहा पिता पिता माझ्या गुडघ्याचं ऐका. गुडघा धरला तवा गावातल्या सोपानतात्यानं औषध सांगितलं. माळावरल्या नेपतीचे फोक आणायचे, वाटायचे आन लेप लावायचा. त्या झुडपाला पानं न्हाईत, नुसते काटे. वर तात्याची अट, "फोक तोडल्यापासून घरी पोचेस्तोवर बोलायचं न्हाई, खुणावायचं न्हाई. न्हाईतर गुण जातो."

एरवी माझ्याशी कुत्रं बोलत न्हाई. त्या दिवशी फोक घेऊन शेतातल्या गोठ्यापाशी आलो, तर आमचा धारूरचा इवाई, लेकीचा सासरा, माझीच वाट बघत उभा.

"इवाई, यंदा ऊसतोडीला तुमची बैलजोडी नेऊ का?"

मी डोळे वटारले.

"न्हाई म्हणायचं असंल तर आत्ताच म्हणा बरं."

मी दात खाल्ले.

"वा! लई मोठ्या मनाचा माणूस!" म्हणत त्यानं माझ्यासमोर दावी सोडली.

घरी येऊन सगळं सांगितलं, तर म्हातारी कडाडली, "आवो, तोंड कावून उघडलं न्हाई?"

"औषधाचा गुण गेला असता."

"मंग बैलं गेली ना!"

संतापून मी सगळे फोक चुलीत घातले. आता बैलं न्हाईत, गाडी पडून हाय, रोज शेतात पायी जावं लागतंय. चालून चालून गुडघा मोकळा झाला. आन सोपानतात्या पारावर बसून माझ्याकडं बोट दाखवतो, "बघा, नेपतीचा एकच लेप!"