डिकीतली भाताची पोती

हसा लेको माझ्या गाडीच्या स्पीडला, पण आधी ऐका की.

आईचा कॅन्सर मणक्यात उतरला, तवापास्नं दर सोमवारी तिला मलकापूरहून राजारामपुरीतल्या दवाखान्यात आणायचो. गाडी जुनी, शॉकअप दगडागत ताठ. स्पीडब्रेकर आला की मागच्या सीटवर आई कळवळायची. मेकॅनिक म्हणला, "शॉकअप बदल." आई म्हणली, "काय नगं. रिकामी बैलगाडीच जास्त आदळती. मागं भाताची दोन पोती टाक, आन् दमानं घे."

डिकीत पोती टाकली, तर गाडी खरंच दबून मऊ चालायला लागली! तरी दर स्पीडब्रेकरला मी थांबायचो, फर्स्ट गिअर टाकायचो आणि म्हणायचो, "आई, आला गं." ती सीट घट्ट धरायची, दम घ्यायची, मग म्हणायची, "घे आता." त्याशिवाय मी क्लच सोडतच नव्हतो.

आई जाऊन दोन महिने झालं. पोती अजून डिकीतच हाईत.

काल राजारामपुरीत एकटाच गेलतो. स्पीडब्रेकर आला. थांबलो, फर्स्ट टाकला, "आई, आला गं" म्हणलो आणि तसाच बसलो. मागं रिक्षावाला हॉर्न बडवून बडवून शेवटी उतरूनच आला.

"ओ पावणं, घ्या की फुडं! पेशंट हाय का आत?"

त्यानं काचेतनं वाकून मागं बघितलं. "कोणच न्हाय की वो!"

"व्हय," म्हणलो, "पर ती अजून 'घे' म्हणली न्हाय."