बोर्डावरचं कुलूप

आमच्या वासुदेव पेंटरचं सांगतो. त्यानं जन्मभर कुलपाच्याच जाहिराती रंगवल्या. बंगालकडचे निर्वासित आले, तेव्हा वाडीच्या गोदामात त्यांच्यासाठी मदत केंद्र निघालं. त्यांना आपली अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून मी म्हटलं, "बोर्डावर घर काढ गा." त्यानं घर सुरेख काढलं, अन् सवयीनं दाराले कुलूप लावलं.

लोकं लेकरं घेऊन उन्हातच उभे. शेवटी एका म्हातारीनं बोर्डाकडे बोट केलं. "चाबी?"

वासुदेव शिडीवर चढला. कुलूप पुसलं, दार उघडं रंगवलं, आत पिवळा उजेड भरला. सारे आत गेले. म्हातारी जाताजाता म्हणाली, "बेटा, रात को बंद कर देना."

दिवस बुडताना वासुदेव ब्रश घेऊन निघाला.

"कुठी चालला गा?"

"दार लावाले."