गुरुवारची दोन अंश थंडी

— हो, हीच वही, ताई, वाचतो ऐका: सहा मार्च, गुरुवार, आकाश निरभ्र, वारा नाही, सकाळी आठला अठरा पूर्णांक दोन. घड्याळं दुरुस्त करतो ना मी, त्यामुळे आठ म्हणजे आठ. तुमच्या हवामान कार्यालयानं अकरा वर्षांपूर्वी आवाहन केलं, की साध्या माणसांनीही घरी तापमान मोजून कळवावं — तेव्हापासून आजपर्यंत चार हजार अठरा नोंदी, एक खाडा नाही. लेकीच्या लग्नादिवशी पाहुणे खोळंबलेत आणि मी तापमापकासमोर, बायको अजून ऐकवते. आणि तुम्ही म्हणता, सगळ्या वह्या रद्द? का, तर चार वर्षांपासून माझ्याकडे दर गुरुवारी इतर दिवसांपेक्षा दोन अंश जास्त थंडी पडते. पडत असेल. हवा साप्ताहिक सुट्टी घेत नाही म्हणता — बरं, हसा. पण दिसला तोच आकडा लिहिलाय हो मी.

तापमापक ना? हा काय, मागच्या अंगणात, या भिंतीवर. लावा हात, गार आहे की नाही? पलीकडे बेकरी, धाकट्या भावाची. भट्टी? छे, ती पार त्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला, डोळ्यांनी बघितलीय — कधी म्हणजे, वाटणी झाली तेव्हा. त्यानंतर तिकडे पाऊल नाही, बोलणं नाही. नाहीतर सकाळी आठला मी मोकळा कुठला? आठचा चहा त्याच्याकडेच असायचा, रोज — ते राहू द्या. बेकरी बंद कधी? गुरुवा—

थांबा हं. म्हणजे भट्टी या भिंतीला आणली त्यानं? आणि मी चार वर्षं हवा सोडून त्याचे पाव मोजतोय?

भट्टी कधी पेटली ते कळलं तर आधीच्या नोंदी वाचतील, नाहीतर सगळंच बाद — बरोबर? शेऱ्याच्या रकान्यात ‘पलीकडे ठोकाठोक’ आहे, पण तीन वेगवेगळ्या महिन्यांत. त्यातली भट्टीची कुठली, ते तोच सांगणार. तुम्हीच विचारा ना... नोंद ठेवणाऱ्यानंच विचारायचं, असा नियम? कसले कसले नियम काढता. धरा वही. — धाकट्या, ए धाकट्या, भट्टी या भिंतीला कधी आणलीस रे?

...ऐकलंत? ‘येत्या बावीस एप्रिलला चार वर्षं होतील, दुपारी पेटवली. पहिला पाव तुला पाठवला होता, दादा, तू परत पाठवलास.’ तारीख अशी पाठ आहे त्याला. — हो रे, येतो उद्या. आठला नको, आठ पाचला. आधी तापमापक बघतो, मग चहा. — तुम्ही कशाला डोळे पुसताय, ताई? लिहा, आणि निघा, दुकान उघडायचंय मला. तापमापक आज अंगणातल्या खांबावर हलवला. बावीस एप्रिलनंतरच्या नोंदी एक हजार चारशे चौदा. पैकी गुरुवार दोनशे दोन, ते ठेवले. बाद एक हजार दोनशे बारा. शिल्लक दोन हजार आठशे सहा.