कापून गेलेला समास

आदरणीय अध्यक्ष, मंचावर बसलेले पाळकसाहेब, छापखान्याचे मालक, आज ज्यांना निरोप द्यायचाय ते आमचे बाइंडरकाका, त्यांना घरी काय काय कामं लावायची याची यादी करत बसलेल्या काकू, आणि जमलेले सगळे,

मला पाच मिनिटं दिलीयेत. मी कटिंग मशीनवर असते, जास्तीचं कापायची सवय आहे. तरी सांभाळून घ्या.

काकांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. दुरुस्तीला आलेलं बायबल, आपलं पवित्र शास्त्र, ते तळहातावर उभं धरतात आणि सोडून देतात. आपोआप उघडेल ते पान त्या घरानं सगळ्यात जास्त वापरलेलं. मग तिथं शिलाई दुहेरी.

मागच्या वर्षी माझे वडील गेले. त्यांचं शास्त्र मी इथं आणलं. काकांनी सोडलं, तर उघडलं ते हरवलेल्या मेंढरापाशी. नव्याण्णव मागं ठेवून मेंढपाळ एकाला शोधायला निघतो ना, तिथं. समास पेन्सिलीनं भरलेला. घरातून भांडून निघालेली मी, पाच वर्षं साधा फोन केला नव्हता. वाचायची हिंमत झाली नाही. म्हटलं, बांधून झालं की निवांत वाचू.

आणि शिलाईनंतर, हाताच्या सवयीनं, मीच कडा कापल्या. झिजल्या होत्या म्हणून जरा जास्तच. पुस्तक छान सरळ दिसायला लागलं. समासात उरलं बाबांच्या प्रत्येक ओळीचं फक्त पहिलं अक्षर.

काका ओरडले असतील? छे. त्यांनी कात्रणांचं पोतं जमिनीवर ओतलं. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं ते चाळत बसलो. काही मिळालं नाही.

मी म्हटलं, "संपलं काका. बाबांनी काय लिहिलं ते आता कुणालाच कळणार नाही."

"कुणालाच? अगं, डोक्यावरचा केस न् केस ज्यानं मोजलाय, त्याला तुझ्या बाबाची पेन्सिल वाचता येत नाही होय?"

"तुमचे मोजायला त्याला वेळ नसेल लागला."

"म्हणूनच तुझ्याकडे बघायला सवड आहे त्याला. ऊठ, खळ वाळतेय."

उत्तर छान आहे. पण खरं सांगू? माझी भूक भागली नाही. देवाला ठाऊक आहे, हे पटतं. मला मात्र एकदा बाबांच्या हातचं वाचायचं होतं. अजूनही वाचायचंय.

मग रोज दुपारी मी ते पान उघडून छापलेलंच मोठ्यानं वाचायला लागले. काका मान वर न करता ऐकायचे. बाबांनी ज्या ओळींवर सगळा भार टाकला, त्या तर शाबूत होत्या. मेंढपाळ अजून निघालेलाच होता. उद्यापासून ऐकणारं कुणी नसेल, पण वाचणं थांबणार नाही. काल उरलेल्या बोटभर समासात मीही पेन्सिलीनं लिहिलं, "बाबा, मी आलेय."

काका, तुम्ही सोबत बसलात. बाकीच्यांनी ऐकून घेतलंत. सगळ्यांची ऋणी आहे. बोलताना कुणाला काही लागलं असेल, तर माफी आत्ताच मागते. नंतर मागू म्हटलं की काय होतं, ते मला माहीत आहे.