सरांच्या कानशिलाचं दुखणं

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आमचे सर, पहिल्या रांगेतल्या काकू आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला सरांच्या कार्याचा गौरव करायला सांगितलंय. करते. पण आधीच सांगते, मी चिडलेली आहे. आवाज चढला तर माईकवाल्यांनी तो कमी करू नये.

सरांनी उभी हयात एकाच आजारामागे घातली. उतारवयात डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या सुजतात. कानशील ठणकतं, घास चावताना जबडा भरून येतो आणि वेळेत औषध मिळालं नाही तर डोळा जातो. गेलेला डोळा परत येत नाही. सरांच्या थोरल्या ताईंचे दोन्ही गेले. तेव्हापासून, कोणत्या जनुकामुळे हा धोका वाढतो, याचा सरांनी पिच्छा पुरवला. आमच्याकडे रीतच आहे, नव्या माणसाने आधी स्वतःचं रक्त तपासणीला द्यायचं. सरांनी सगळ्यांच्या आधी दिलं होतं आणि ते जनुक त्यांच्यातही निघालं. मी काही गुपित फोडत नाहीये. दर व्याख्यानात ते स्वतःच हसत हसत सांगतात, "जनुक माझ्यातही आहे, पण ते असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही."

वाक्य खरं आहे. टाळ्या वाजवा हवं तर.

आता पुढचं ऐका. मघाशी चहाच्या वेळी काकूंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "अगं, यांना उशीला डोकं टेकवत नाही. जेवण अर्ध्यावर सोडतात, जबडा दुखतो म्हणून. आणि आज सकाळी दाढी करताना एका डोळ्यापुढे अंधारी आली. थोड्या वेळाने गेली. तुला सांगू नको म्हणालेत."

मी तशीच सरांकडे गेले. सर काय म्हणाले असतील? "अगं, बहुतेकांना होत नाही. सोमवारी बघू."

सोमवारी! सर, ही काय चेष्टा आहे? धोक्याचं गणित मांडायचं ते धडधाकट माणसासाठी. दुखायला लागल्यावर कसली टक्केवारी? हे मला कोणी शिकवलं? एका पेशंटचा मुलगा "उद्या आणतो" म्हणाला, तर फोनवर त्याची खरडपट्टी कोणी काढली होती? रिपोर्टची वाट बघू नका, औषध आधी सुरू करा, हे ओरडून ओरडून कोणाचा घसा बसायचा? आणि स्वतःवर आलं की सोमवार? ताईंना काय तोंड दाखवणार आहात? संताप येतो हो नुसता!

हसताय काय, सर? चारचौघांत बोलायची गोष्ट नाही, कळतंय मला. पण एकांतात सांगून पाहिलं ना! अध्यक्ष महोदय, चिठ्ठी पाठवू नका, आटोपतेच आहे.

दुसऱ्या रांगेत आपल्या नेत्रविभागाच्या डॉक्टरीणबाई बसल्यात. मी त्यांच्याशी बोलले आहे. खाली त्यांची खोली उघडून ठेवली आहे. त्या आत्ता तपासतील, रक्त घेतील आणि औषध लगेच सुरू करतील. फुलं आणि मानपत्र थांबेल, त्याला काही होत नाही. काकू, तुम्हीही उठा. सर, चला.

मला बोलायला उभं केल्याबद्दल संयोजकांची आभारी आहे. त्यांना आता पश्चात्ताप होत असणार. मी समारंभाचा विचका केला, बोलताना तोल गेला, ते सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. सरांची माफी मात्र मी मागणार नाही. त्यांनी उद्या सकाळी मला समोर उभं करावं, दोन्ही डोळे वटारावेत आणि मनसोक्त झापावं.